कोसंबींची मोजदाद

आपल्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत कोसंबी हे नाव निघाले, की पहिल्याने आठवतात ते धर्मानंद. आणि ते साहजिकच आहे. गोव्यातील साखवाळ गावचे हे गृहस्थ बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवावे ह्या एका ध्यासापायी घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी वणवण करून पालीचे पंडित होऊन परतले. कलकत्त्यास त्यांना अध्यापकाची जागा मिळाली होती. पण आपली विद्या महाराष्ट्राच्या कामी यावी ही तळमळ त्यांना तेथे स्वस्थ बसू देईना. अशा वेळी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अटी दोनच होत्या. महाराष्ट्रात कोठेही राहावे, आणि बडोदे संस्थानासाठी वर्षास एक पुस्तक लिहून द्यावे.

विद्येची मोजदाद करण्याची ती एक रीत होती; सरळ आणि व्यवहारी. रुपये किती आणि ग्रंथ किती, एवढाच हिशेब. तो ग्रंथ कितीजण वाचतील, त्यातले कितीजण पुढे आपल्या लेखनात त्याचा हवाला देतील, ह्याची पृच्छा महाराजांनी केली नाही.

मला आज लिहावयाचे आहे ते धर्मानंदांच्या चिरंजीवांविषयी, म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांच्याविषयी. ह्यांची मोजदाद करणे वडिलांइतके सोपे नाही, आणि ती नीट न झाल्यामुळे आपल्याच ह्या माणसाला आपण तुकड्यातुकड्यांनी ओळखतो, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

हल्ली विद्वानांचे वजन कोणत्या तराजूत करतात, हे ज्यांच्या घरी एखादा मुलगा वा नात संशोधनात आहे त्यांना ठाऊक असेल. इतर संशोधकांनी आपल्या लेखाच्या शेवटी त्याच्या लेखाचा किती वेळा हवाला दिला, ते मोजावयाचे. १९६४ मध्ये अमेरिकेत यूजीन गारफील्ड ह्यांनी अशा हवाल्यांची एक भली मोठी सूची नियमितपणे काढण्यास आरंभ केला. पुढे २००५ मध्ये हिर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने सगळा हिशेब एकाच आकड्यात बसवला. ज्याच्या वीस लेखांना प्रत्येकी निदान वीस हवाले मिळाले आहेत त्याचा आकडा वीस. तीस लेखांना तीस असतील तर तीस. नेमणुका, बढत्या आणि अनुदाने आता पुष्कळ ठिकाणी ह्या आकड्याकडे पाहून ठरतात. हा तराजू खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु कोसंबींना त्यात घालून पाहिले, म्हणजे तराजू काय तोलतो आणि काय तोलू शकत नाही, ह्या दोन्ही गोष्टी लख्ख दिसतात.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात कोसबेन येथे झाला. १९१८ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, ते वडिलांबरोबर अमेरिकेस गेले. धर्मानंदांना हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाचे काम होते. मुलाचे शिक्षण त्याच गावच्या शाळांतून आणि मग हार्वर्डमध्ये झाले. तेथे बर्कहॉफ ह्यांच्यासारख्या नामांकित गणितज्ञाची इच्छा होती की ह्या मुलाने एका गणितावरच चित्त ठेवावे. ह्या मुलाने मात्र नाना विषय घेतले आणि सगळ्यांत नाव काढले. १९२९ मध्ये सर्वोच्च सन्मानाची पदवी घेऊन ते परतले आणि काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले.

दोन वर्षांनी आंद्रे वेय नावाच्या तरुण फ्रेंच गणितज्ञाने त्यांना अलीगढला बोलावून घेतले. तेथला एक प्रसंग हवाल्यांच्या इतिहासात कोरून ठेवावा असा आहे. एका सहकाऱ्याने कोसंबींना त्रास दिला होता. त्याची जिरवण्यासाठी वेय ह्यांनी युक्ती सुचवली, आणि १९३१ मध्ये कोसंबींनी अलाहाबादच्या एका विद्वत्पत्रिकेत बूर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धांताचा विस्तार करणारे एक टिपण गंभीर चेहऱ्याने छापून आणले. हा बूर्बाकी म्हणजे क्रांतीच्या धामधुमीत बळी पडलेला एक अप्रसिद्ध रशियन गणिती, अशी बतावणी होती. असा गणिती मुळात झालाच नव्हता. ते आडनाव एका फ्रेंच सेनापतीचे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी थट्टेसाठी ते पूर्वीच वापरले होते. पुढे काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या मित्रांनी मिळून ह्याच नावाने आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहिली आणि बूर्बाकी जगप्रसिद्ध झाला. गणिताच्या छापील वाङ्मयात त्याचा पहिला हवाला मात्र आमच्या कोसंबींचा. जो माणूस नाहीच त्याचा हवाला देता येतो, आणि तो हवाला मोजणीत इतर कोणत्याही हवाल्याइतकाच धरला जातो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

थट्टा बाजूला ठेवू. खरे काम त्याच सुमारास चालू होते. वक्र मार्गांच्या एका समूहावरून त्या अवकाशाची भूमिती कशी ओळखावी, ह्या प्रश्नावर कोसंबींचा एक निबंध १९३३ मध्ये जर्मनीतील एका अग्रगण्य गणितपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्याच अंकात, त्या निबंधाला लागूनच, एली कार्तां ह्यांचे त्यावरचे टिपण छापलेले आहे. कार्तां म्हणजे त्या काळी भूमितीतले साऱ्या युरोपातले वडीलधारे नाव. १९३९ मध्ये चीनमधील चर्न ह्यांनी तो विचार आणखी पुढे नेला. आज ह्या उपपत्तीला कोसंबी–कार्तां–चर्न असे म्हणतात, आणि निबंध छापून झाल्यावर पन्नास-साठ वर्षांनी जीवशास्त्रातल्या समीकरणांसाठी तिचा उपयोग होऊ लागला.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि बारा वर्षे तेथे राहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. येथून त्यांच्या लेखनाची यादी पाहणाऱ्याला चक्रावून टाकते. भूमितीच्या निबंधांमागून नाण्यांच्या वजनावरचे लेख येतात. त्यांच्यामागून भर्तृहरी येतो. मध्येच जनुकशास्त्र डोकावते. पुढे मौर्य, सातवाहन, लेणी आणि म्हसोबा. ही यादी पाहून कोणालाही वाटावे की हा माणूस चंचल होता, मनात येईल त्या विषयात हात घालीत होता. मलाही हा प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर कोसंबींनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे त्यात मिळाले. त्यांच्या दृष्टीने ही वाट एकच होती.

झाले असे. कोसंबींना संख्याशास्त्र आत्मसात करावयाचे होते. आणि ते नुसत्या पुस्तकावरून येत नाही, हाती एखादा खरा प्रश्न पाहिजे. पहिल्याने त्यांनी विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण घेतले. मग त्यांची दृष्टी प्राचीन आहत नाण्यांकडे वळली. ही चांदीची नाणी, त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. कोसंबींनी विचार केला की नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. चालू काळातली हजारो नाणी सूक्ष्म तराजूत तोलून त्यांनी पाहिले, की नाणे जितकी वर्षे चलनात राहील तितके त्याचे सरासरी वजन घटत जाते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. हाच न्याय त्यांनी तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या ठेव्याला लावला. नाण्याच्या पाठीवर वेळोवेळी मारलेले बारीक ठसे जितके जास्त, तितके वजन कमी भरले. म्हणजे ते ठसे ठराविक काळाने नाणी तपासणाऱ्यांचे असले पाहिजेत, आणि त्यांवरून नाण्यांचा क्रम लावता येतो. मुक्या चांदीला त्यांनी तराजूने बोलते केले. १९४० नंतर ह्या विषयावरचे त्यांचे लेख येऊ लागले, आणि त्याचा गोषवारा अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात १९६६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या चार महिने आधी, आला.

नाण्यांचा क्रम लागला. पण ती पाडली कोणी? त्यासाठी राजवंशांच्या याद्या पाहाव्या लागल्या, आणि त्यासाठी संस्कृत ग्रंथ. संस्कृत हाती घेतले ते भर्तृहरीपासून. हा कवी सर्वांच्या तोंडी, पण त्याचे नेमके श्लोक कोणते ह्याविषयी दोन पोथ्यांचे एकमत नाही. कोसंबींनी देशभरातील शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९४८ मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून भर्तृहरीच्या सुभाषितांची संशोधित आवृत्ती प्रसिद्ध केली. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला, की हे वाङ्मय ज्या समाजात झाले तो जगत कसा होता, पिकवीत काय होता, कर कोणाला देत होता. येथून ते इतिहासाकडे वळले. आणि ग्रंथांत जे सापडेना ते शोधण्यासाठी हातात काठी घेऊन पुण्याभोवतालच्या टेकड्या आणि खेडी पालथी घालू लागले.

ह्याच फर्ग्युसनच्या काळातली दोन टिपणे मुद्दाम सांगावयाची आहेत. कारण आमचा मोजदादीचा प्रश्न त्यांच्यापाशी येऊन ठेपतो.

पहिले १९४३ चे. भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आलेले. यदृच्छेने खालीवर होणारी एखादी वस्तू घ्या, वाऱ्याचा झोत म्हणा किंवा यंत्राचे थरथरणे म्हणा. तिच्या वेड्यावाकड्या आलेखाचे ठराविक आकारांत असे पृथक्करण करता येते, की प्रत्येक आकाराचे प्रमाण बाकीच्यांशी संबंध न ठेवता बदलते आणि थोड्याच आकारांत बहुतेक सगळा ऐवज येऊन जातो. हा त्या टिपणाचा आशय. पुढे तीन-चार वर्षांनी फिनलंडमध्ये कार्हुनेन ह्यांनी आणि १९४८ च्या सुमारास फ्रान्समध्ये लोएव्ह ह्यांनी स्वतंत्रपणे हीच गोष्ट मांडली. प्रवाहांतली खळबळ मापणारे, चित्रे थोड्या जागेत साठवणारे, यंत्राला माणसाचा चेहरा ओळखावयास शिकवणारे, सगळे ह्या सिद्धांताच्या आधारे काम करीत आले. पण बहुतेक पुस्तकांत त्याचे नाव कार्हुनेन–लोएव्ह एवढेच. महायुद्धाच्या ऐन मध्यावर हिंदुस्थानात छापलेले ते नियतकालिक बाहेर किती जागी पोचले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. आता कोठे काही लेखक कोसंबींचे नाव पहिल्याने जोडू लागले आहेत.

दुसरे टिपण १९४४ चे. अवघे चार पानांचे. ते लंडनच्या ज्या पत्रिकेत आले तिचे संपादक संख्याशास्त्राचे आचार्य फिशर हे होते. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती लांब आहेत हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती दोन किती वेळा एकमेकांपासून फुटून निघाली, त्या प्रमाणावरून अंतर काढतात. अडचण अशी की लांब अंतरात दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही, म्हणून प्रमाणात दुरुस्ती करावी लागते. हॉल्डेन ह्यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिले होते. परंतु एका जागी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्यास आडकाठी येते, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती. कोसंबींनी ती धरली. फुटून निघण्याचे प्रमाण शेकडा वीस असेल, तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. शेकडा तीस असेल, तर अनुक्रमे ४५.८ आणि ३४.७. भात, गहू, मका अशा कितीतरी पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे आजही ह्या दोहोंपैकी एक सूत्र निवडतात, आणि कोसंबींचे सूत्र त्यांत फार चालते.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत माझ्या एका बाजूला कृषी संशोधनातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, दुसऱ्या बाजूला यंत्रांच्या कंपनांवर काम करणारा एक तरुण इंजिनिअर, आणि समोर इतिहासाच्या एक प्राध्यापिका. बोलता बोलता कोसंबींचे नाव निघाले आणि तिघांचेही डोळे चमकले. पण लवकरच ध्यानात आले की तिघे तीन माणसांविषयी बोलत आहेत. कृषिशास्त्रज्ञांनी उभा जन्म कोसंबींचे सूत्र वापरले होते. ते एखाद्या जपानी गृहस्थाचे असावे अशी त्यांची समजूत होती. इंजिनिअरने नाव एका सिद्धांताच्या डोक्यावर वाचले होते. प्राध्यापिकाबाईंना इतिहासकार कोसंबी मुखोद्गत, पण त्यांनी जनुकांवर काही लिहिले आहे हे त्या प्रथमच ऐकत होत्या. मठ्ठा येईपर्यंत तिन्ही कोसंबी एक आहेत एवढे ठरले. एवढ्या शिकलेल्या मंडळींत हे घडते, त्याचा दोष मी त्यांना देत नाही. प्रत्येक शास्त्राची आपापली भिंत असते आणि हवाले त्या भिंतीच्या आतच फिरतात.

आता पुढचे चरित्र थोडक्यात सांगतो. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली आणि होमी भाभांनी कोसंबींना गणितासाठी बोलावून घेतले. राहणे पुण्यास, काम मुंबईस. डेक्कन क्वीनने त्यांचे जाणे-येणे चाले. मधल्या काळात इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास आणि शिकागो विद्यापीठात भूमितीची व्याख्याने झाली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा दाखवणारा त्यांचा मोठा ग्रंथ मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने काढला. १९६२ मध्ये मिथ अँड रिअ‍ॅलिटी हा निबंधसंग्रह आला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा. राजांच्या नावांची आणि लढायांची जंत्री म्हणजे इतिहास नव्हे. नांगर, जमीन, व्यापाराच्या वाटा आणि लोकांचे दैवत हाच इतिहासाचा कणा, असे त्यांनी मार्क्सच्या पद्धतीने पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मांडले. पंढरीच्या पालख्यांच्या वाटा किती जुन्या असाव्यात, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडाशेजारी अश्मयुगातली गारगोटीची हत्यारे का सापडतात, असले प्रश्न पंडितांच्या सभेत त्यांच्यापूर्वी क्वचितच कोणी विचारले असतील. पुढे रामशरण शर्मा, रोमिला थापर, इरफान हबीब ह्यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यांचे ऋण मोकळेपणी मान्य केले. मात्र हे काम बहुतांशी ग्रंथरूप. गारफील्डांची सूची मुख्यतः नियतकालिकांतल्या लेखांवर उभी, आणि साहित्य व कला ह्या विषयांसाठी तशी सूची निघाली ती १९७८ मध्ये. ज्या ग्रंथांनी एका देशाच्या इतिहासलेखनाचे वळण बदलले, ते पुष्कळ काळ ह्या तराजूबाहेरच राहिले.

तराजूचा दुसरा दोष असा की संमती आणि विरोध त्याला एकच. कोसंबी आणि वा. वि. गोखले ह्यांनी विद्याकराचा सुभाषितरत्नकोश हार्वर्डच्या ग्रंथमालेसाठी संपादिला, तो १९५७ मध्ये निघाला. त्याला जोडलेल्या लेखात कोसंबींनी संस्कृत काव्याची परखड वर्गीय चिकित्सा केली. १९६५ मध्ये त्याच कोशाचे इंग्रजी भाषांतर करणारे हार्वर्डचे इंगल्स ह्यांनी कोसंबींच्या पाठनिश्चितीचा आधार घेतला आणि त्यांच्या काव्यविषयक मतांचा विरोध केला. त्या विरोधातून संस्कृत कवितेविषयी एक अतिशय सुंदर प्रस्तावना जन्मास आली. मोजणाऱ्याच्या वहीत मात्र एक हवाला म्हणजे एक रेघ. ती आदराची की भांडणाची, हे वहीला कळत नाही.

आणि आता जो भाग लिहिताना जड जाते तो. १९५९ मध्ये कोसंबींनी भारतीय कृषिसंख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यात रीमानच्या गृहीतकाची सिद्धता असल्याचा दावा होता. मूळसंख्यांच्या विभागणीशी निगडित असलेला हा प्रश्न १८५९ पासून गणितज्ञांना छळीत आला आहे आणि आजही सुटलेला नाही. कोसंबींची वाट संभाव्यतेची होती; ती मुक्कामास पोचली नाही. शिवाय एवढा दावा शेतीच्या संख्याशास्त्राच्या पत्रिकेत आलेला पाहून गणितज्ञांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या नावलौकिकाला त्याने मोठा धक्का बसला. भाभांशी मतभेद आधीपासूनच होते. कोसंबी शांततेच्या चळवळीत वावरणारे, अणुशक्तीपेक्षा ह्या देशाला सूर्याची ऊर्जा परवडेल असे जाहीरपणे सांगणारे. आणि भाभा तर अणुशक्तीचे अध्वर्यू. १९६२ मध्ये संस्थेशी त्यांचा संबंध सुटला. पुढल्या काळात मूळसंख्यांवरचे काही लेख त्यांनी एस. डुक्रे ह्या टोपणनावाने छापले. म्हणजे कोसंबींच्या कामाचा एक भाग अशा माणसाच्या खाती जमा झाला की जो बूर्बाकीसारखाच अस्तित्वात नव्हता. तरुणपणी थट्टेसाठी केलेली गोष्ट उतारवयात त्यांना अशा रीतीने पुन्हा करावी लागली, हे वाचताना मन खिन्न होते.

१९६४ पासून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत ते सन्मान्य शास्त्रज्ञ होते. २९ जून १९६६ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न. त्याच वर्षीच्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले होते.

मग ह्या माणसाचे वजन किती? कोसंबींच्या नाण्यांचाच दाखला घेतला तर मला असे दिसते. पुरून ठेवलेल्या नाण्याचे वजन शाबूत राहते; जे बाजारात फिरते ते झिजते. त्यांचे चार पानांचे सूत्र सर्वांत जास्त फिरले, आणि त्यावरचा माणसाचा ठसा सर्वांत जास्त पुसला गेला. आता तर पुष्कळजण ते सूत्र गणकयंत्रातील तयार पर्याय म्हणून वापरतात आणि मूळ टिपणाचा हवाला देण्याचीही गरज त्यांना वाटत नाही. फार वापरले गेलेले काम मोजणीतून असे निसटते. उलट १९४३ चे टिपण ठेव्यासारखे पुरलेले राहिले, म्हणून त्याचा मान दुसऱ्यांना गेला. हे दोन्ही लेख एकाच महाविद्यालयातल्या एकाच शिक्षकाने लागोपाठच्या वर्षी लिहिलेले.

ह्यावरून हवाले मोजू नयेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. निर्णय घेणाऱ्यांना काही तरी माप हवेच, आणि वशिल्यापेक्षा आकडा बरा. माझे म्हणणे इतकेच की आकडा हा लेखांचा असतो. तो माणसाला लावताना त्याची सगळी वाट एकत्र पाहावी लागते, आणि ते काम सूची करीत नाही, वाचक करतो. कोसंबींच्या बाबतीत ते सुरू झाले आहे. त्यांचे प्राच्यविद्येचे निबंध २००२ मध्ये एकत्र छापले गेले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि त्यांच्या कन्या मीरा कोसंबी ह्यांनी त्यांच्याविषयीच्या लेखनाचे संपादन केले. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी ह्यांच्या संपादनाखाली निवडक गणिती लेखांचा संग्रह आला. एका भिंतीपलीकडचा कोसंबी दुसऱ्या भिंतीपलीकडच्या वाचकाला आता निदान हाती लागू शकतो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. धर्मानंद ज्या ग्रंथासाठी हार्वर्डला गेले तो विसुद्धिमग्ग. वॉरन ह्या अमेरिकन पंडिताने आरंभिलेले आणि त्याच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ते काम पुरे करताना श्रेय कोणाचे ह्यावरून तेथल्या प्रमुख प्राध्यापकांशी धर्मानंदांचे पटेना, आणि १९१२ मध्ये ते परत आले. काम तरीही त्यांनी सोडले नाही, पुन्हा गेले. १९४० मध्ये त्यांनी भारतीय विद्या भवनातर्फे त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्तीही काढली. हार्वर्डची प्रत मात्र १९५० मध्ये निघाली, तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षे झाली होती. हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेतला तो एक्केचाळिसावा ग्रंथ. बेचाळिसावा म्हणजे दामोदरांनी गोखल्यांबरोबर संपादिलेला सुभाषितरत्नकोश. ज्या ग्रंथालयात ही माला क्रमाने लावलेली असेल, तेथे बापलेकांचे हे दोन ग्रंथ आजही एकमेकांना टेकून उभे असतील. ज्यांना सवड असेल त्यांनी ते एकदा उघडून पाहावेत.